एका प्रवाशाच्या नावाचा बाजार

मंडळी, बाजार म्हटला की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे आठवडी बाजारच उभा राहतो. भुईवर अंथरलेली पोती, मिरच्यांचे ढीग, डोक्यावर फाटके पाल, एका कडेला भज्यांचा घाणा आणि दुसऱ्या कडेला बैलांचा सौदा. पावसाची सर आली की हा बाजार उठतो आणि दिवस मावळला की मोडतो. ऊन, पाऊस आणि सूर्य हे तिघे या बाजाराचे खरे मालक, असे म्हटले तरी चालेल.

आज मी तुम्हाला अशा एका बाजारात नेणार आहे, की जिथे या तिन्ही मालकांना दाराबाहेर उभे केले आहे. हा बाजार दुबईत आहे. त्याचे नाव 'इब्न बतूता मॉल'. तो २००५ साली सुरू झाला. इब्न बतूता हे कोणा शेठजीचे नाव नव्हे. ते चौदाव्या शतकातल्या एका प्रवाशाचे नाव आहे. तो ज्या ज्या देशांत हिंडला त्यांतले सहा प्रदेश निवडून एकेकाच्या थाटाचे एकेक दालन बांधले, आणि ही सहाही दालने माळेतल्या मण्यांसारखी एकापुढे एक ओवली, अशी या बाजाराची रचना.

मी काही खरेदीसाठी गेलो नव्हतो. प्राध्यापकाचा खिसा तुम्हाला ठाऊक आहेच. दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या मेहुण्याकडे चार दिवस राहायला गेलो होतो. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही इतिहास शिकवता. हे बघितल्याशिवाय जायचं नाही." तेव्हा एका सकाळी मेट्रोने त्याच नावाच्या स्थानकावर उतरलो आणि आत शिरलो.

आत जाण्यापूर्वी 'मॉल' म्हणजे काय ते थोडे समजून घेऊ. छपराखालचा बाजार आपल्याला नवा नाही. मुंबईची क्रॉफर्ड मार्केटची इमारत १८६९ सालची. आज तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. पुण्याची मंडईही एकोणिसाव्या शतकातलीच. युरोपात त्याच शतकात काचेच्या छताखाली दुकानांच्या गल्ल्या झाल्या. इटलीतल्या मिलान शहरातली अशी गल्ली आजही लोक मुद्दाम पाहायला जातात. पण या सर्व ठिकाणी वारा आत येतो आणि बाहेरचा दिवस दिसतो. चहूबाजूंनी बंद आणि आतली हवा यंत्राने सांभाळलेली अशी बाजारपेठ प्रथम अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, १९५६ साली उभी राहिली. तिचे नाव साउथडेल. ती व्हिक्टर ग्रूएन नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने आखली. हा मूळचा व्हिएन्नाचा. लोकांनी एकत्र यावे, बसावे, बोलावे, असा गावाचा चौक त्याला छपराखाली आणायचा होता. पुढे त्याच्या नमुन्यावर शेकडो मॉल झाले. त्यांत चौक राहिला बाजूला आणि उरली नुसती विक्री. उतारवयात ग्रूएनने आपल्या या अपत्याशी संबंध नाकारला. आपण लावलेल्या झाडाला भलतेच फळ आल्याचे पाहणे त्याच्या नशिबी आले.

त्यानंतरची पायरी म्हणजे सोंग घेतलेला मॉल. अमेरिकेत लास व्हेगास येथे १९९२ साली प्राचीन रोमच्या रस्त्याचे सोंग घेतलेली बाजारपेठ झाली. तिच्या छतावर आकाश रंगवलेले आहे, आणि दिव्यांच्या खेळाने त्या आकाशात पहाट होते, संध्याकाळही होते. आपला मॉल त्याच जातीचा आहे. गिऱ्हाइकाला आपण दुकानात आलो आहोत याचा विसर पाडायचा, तो प्रवासी आहे असे त्याला वाटू द्यायचे, ही त्यातली मेख. प्रवासाला निघालेला माणूस घरच्यापेक्षा सैल हाताने खर्च करतो हे पंढरपूरच्या चुरमुरेवाल्यालाही ठाऊक असते!

आता हा इब्न बतूता कोण? मोरोक्कोतल्या तांजिर गावी १३०४ साली त्याचा जन्म झाला. एकविसाव्या वर्षी, १३२५ साली, तो हजला म्हणून घराबाहेर पडला आणि पुरा परत आला तो जवळजवळ पंचवीस वर्षांनी. मिसर, अरबस्तान, इराण, आफ्रिकेचा पूर्वकिनारा, मध्य आशिया हे सर्व पाहून तो दिल्लीला पोहोचला. महंमद तुघलकाने त्याला काझी नेमले. तिथून सुलतानाचा वकील म्हणून तो चीनकडे निघाला. शेवटी स्वदेशी परतल्यावर त्याने आपली हकीकत इब्न जुझय्य नावाच्या एका विद्वानाला सांगितली आणि त्याने ती लिहून काढली. १३५५ साली ग्रंथ पुरा झाला. त्यातल्या काही भागांविषयी, विशेषतः चीनविषयी, विद्वान शंका घेतात. तरीही त्या शतकातले जग पाहायचे तर या ग्रंथाला दुसरी जोड नाही.

चला, आता आत जाऊ. प्रवेशाला पैसे नाहीत. पहिले दालन अंदालुसियाचे, म्हणजे अरबी अमलाखालच्या स्पेनचे. इथे सिंहांच्या पाठीवर तोललेले कारंजे आहे. ग्रनाडातल्या अलहंब्रा राजवाड्यातल्या कारंज्याची ही नक्कल. पुढे ट्यूनिसची गल्ली लागते. पांढऱ्या भिंती, निळी दारे आणि वर रंगवलेले आकाश. त्यापुढे मिसर. तिथे खांबांवर प्राचीन चित्रलिपीची नक्षी आहे. मग इराण. या दालनाचा घुमट पाहताना मात्र माझी मान खरोखर दुखली. निळ्या रंगाची एवढी बारीक वेलबुट्टी वर जात जात मध्यबिंदूपाशी मिळते, की पाहणारा जागच्या जागी थबकतो. घुमटाच्या बरोबर खाली कॉफीचे दुकान. थबकणाऱ्या माणसाला बसायला खुर्ची लागते, हे त्या दुकानदाराने बरोबर हेरले आहे. त्यापुढे हिंदुस्थान आणि सर्वांत शेवटी चीन.

इतिहासाच्या मास्तराला गप्प बसवत नाही, म्हणून एक गोष्ट सांगतो. शिक्षकांनी ती वर्गात जरूर वापरावी. इब्न बतूता ग्रनाडाला गेला १३५० च्या सुमारास. अलहंब्रातला सिंहांचा चौक बांधला गेला त्यानंतर, त्या शतकाच्या उत्तरार्धात. इस्फहानला तो गेला १३२७ मध्ये. पण इराणी दालनात जो निळ्या घुमटांचा थाट आहे, तो इस्फहानला आला सतराव्या शतकात. हिंदुस्थानचे दालन मोगल धर्तीचे आहे आणि बाबर दिल्लीला आला १५२६ साली! म्हणजे आपला प्रवासी आज या मॉलमध्ये अवतरला, तर त्याला यातले फारच थोडे ओळखू येईल. कारागिरांनी प्रत्येक देशाचे सर्वांत प्रसिद्ध रूप उचलले, प्रवाशाच्या काळाचे नव्हे. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. गावच्या जत्रेत पडद्यावर ताजमहाल असतो आणि त्यापुढे आपण फोटो काढतो, तसेच हे. फक्त पडदा कोणता आणि ताजमहाल कोणता एवढे ओळखता आले पाहिजे.

पण हिंदुस्थानच्या दालनात एक वस्तू अशी आहे, की जिच्यापुढे मी अर्धा तास उभा होतो. एक भला मोठा हत्ती, त्याच्या मानेवर माहूत, पाठीवर अंबारी, अंबारीत दोन नागसर्प आणि शिखरावर पक्षी. हे घड्याळ आहे. अल्‌जझरी नावाच्या यंत्रज्ञाने १२०६ साली यंत्रांवर एक ग्रंथ पुरा केला, त्यातल्या घड्याळाची ही प्रतिकृती. तो आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकिर येथील दरबारी होता. घड्याळाची युक्ती ऐका. हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी. पाण्यावर तरंगते एक वाडगे. त्याच्या बुडाला बारीक भोक. भोकातून पाणी शिरत शिरत वाडगे भरते आणि अर्ध्या तासाने बुडते. बुडताना ते दोरी ओढते. दोरीने वरचा गोळा सुटतो आणि नागाच्या तोंडात पडतो. गोळ्याच्या वजनाने नाग खाली झुकतो. त्याच ओढीने माहूत ठोका देतो आणि बुडालेले वाडगे पाण्यावर परत येते. नाग आपल्या जागी जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आता तुम्ही म्हणाल, हे कुठेतरी पाहिल्यासारखे वाटते. वाटणारच. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळात भोकाचे तांब्याचे पात्र सोडीत असत. तेच हे घटिकापात्र. आपले चोवीस मिनिटांनी बुडे, त्याचे अर्ध्या तासाने बुडते, एवढाच फरक. बुडत्या पात्राची ही युक्ती आपल्या देशात फार जुनी आहे. हत्ती हिंदुस्थानचा, नागसर्प चीनचे, पक्षी इराणचा, पाण्याची करामत ग्रीकांची, असे त्या घड्याळात अनेक देश एकत्र नांदतात. साऱ्या मॉलमध्ये सहा देश शेजारी शेजारी उभे आहेत; पण एकमेकांत मिसळलेले मला दिसले ते या एका हत्तीच्या पोटात.

मी असा उभा असताना मागून आवाज आला, "सर, तुम्ही इथं?" वळून पाहतो तो माझाच एक जुना विद्यार्थी. दौलताबादजवळच्या एका खेड्यातला मुलगा. बारावीपर्यंत आमच्याकडे होता. पुढे आयटीआयमधून हवा थंड करण्याच्या यंत्रांचे काम शिकला आणि दुबईला आला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. तो म्हणाला, "सर, तुम्ही नक्षी बघता, मी जाळ्या बघतो." आणि त्याने भिंतीत, खांबांच्या माथ्यावर, नक्षीत लपवलेल्या हवेच्या जाळ्या एकेक करून मला दाखवल्या.

त्याने जे समजावले ते थोडक्यात असे. थंडी कुठून आणता येत नाही. उष्णता बाहेर टाकावी लागते. गार पाणी नळांतून इमारतीभर फिरते, आतली उष्णता शोषते आणि ती बाहेरच्या हवेत सोडली जाते. म्हणजे आत जेवढे गार, तेवढी बाहेर भर. दुबईत उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. यंत्रे चालायला वीज लागते, ती मुख्यतः नैसर्गिक वायू जाळून होते. आणि कारंज्यातले पाणी? तिथे नदी नाही. समुद्राचे खारे पाणी गोडे करून पुरवले जाते. त्याचा प्रचंड कारखाना जबल अलीला, या मॉलपासून फारसा दूर नाही. आपल्याकडे विहिरीला पाणी लागले की नारळ फोडतात. तिथे प्रत्येक घोटामागे इंधन जळते. ही थंडगार संध्याकाळ फुकट दिसते, पण तिचे बिल कुणीतरी भरत असते.

"आणि तू कसा आहेस?" मी विचारले. तो हसला. "बरा आहे, सर. गच्चीवरचं काम असतं. उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन बाहेरचं काम करून घ्यायचं नाही असा इथं कायदा आहे, म्हणून निभतं." बहिणीचे लग्न झाले होते. घरचे कर्ज निम्मे फिटले होते. पाच वर्षांत त्याने या मॉलमधून स्वतःसाठी एक चपलांचा जोड घेतला होता. बाकी रोजची खरेदी तो राहत्या वस्तीतल्या दुकानातच करी.

मग त्याने एक प्रश्न विचारला, आणि हे सारे भाषण मी त्या प्रश्नासाठी लिहिले आहे. एका फलकाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "सर, हा माणूस हिंदुस्थानात आला म्हणतात. आपल्याकडं कुठं आला होता का?"

मी म्हटले, "अरे, तुझ्या गावी! दौलताबादेत."

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. "मग सहलीला नेलं तेव्हा कुणी कसं सांगितलं नाही?"

ती सहल मीच नेली होती.

मुलांना मी किल्ल्यात नेले, अंधारी दाखवली, पायऱ्या मोजून घेतल्या, बारा वाजता डबे खाल्ले आणि चार वाजता परत आणले. यादवांची राजधानी, १३२७ साली तुघलकाने हलवलेली राजधानी, हे मी सांगितले असेल; परीक्षेला येते ना! पण इब्न बतूताने तिथे काय पाहिले ते मी सांगितले नव्हते. मला ठाऊक होते. सांगावेसे वाटले नव्हते. आणि त्या मुलाला आपल्या गावाच्या पाहुण्याचे नाव कळले ते समुद्रापलीकडे, विकत घ्यायच्या वस्तूंच्या गर्दीत.

मग तिथेच एका बाकावर बसून मी त्याला जे सांगितले तेच तुम्हालाही सांगतो. इब्न बतूताने दौलताबादचे तीन भाग सांगितले आहेत, आणि त्यांतला किल्ला देवगिरीचा. किल्ल्यातल्या तळघराच्या तुरुंगात मांजरापेक्षा मोठे उंदीर असल्याची हकीकत त्याने नोंदवली आहे. इथल्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोनदा बहर येतो, असे तो लिहितो. मराठ्यांविषयी त्याने नंदुरबारच्या संदर्भात लिहिले आहे, की हे लोक कुशल कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी आहेत; भात, भाज्या आणि तिळाचे तेल खातात; जनावरांना दुखवणे त्यांना आवडत नाही; आणि जेवणापूर्वी स्नान करतात. पुढे तो गोव्यालाही गेला. त्या गावाला तो संदापूर म्हणतो.

आणि बाजार! दौलताबादेत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा एक बाजार होता, त्याचे नाव तरबाबाद. अत्यंत सुंदर आणि मोठ्या बाजारांपैकी हा एक, असे त्याने लिहून ठेवले आहे. प्रत्येक दुकान गालिच्यांनी सजवलेले, दुकानात झोपाळा, झोपाळ्यावर गायिका. बाजाराच्या मधोमध एक मोठा घुमट, आणि दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर तिथे गायकांचा प्रमुख येऊन बसे. मंडळी, आता बघा. सजवलेली दुकाने, मधोमध घुमट, येणाऱ्याचे मन रमवायची सारी तयारी! सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वीचा हा थाटाचा बाजार आपल्या मातीत होता. तो आज नाही. ज्याने पाहिला त्याच्या लेखणीत तेवढा उरला आहे.

शेवटी आम्ही दोघे चिनी दालनात गेलो. तिथे एक मोठे लाकडी चिनी जहाज उभे केले आहे. लोक त्याच्यापुढे फोटो काढीत होते. त्या जहाजाच्या जातीशी आपल्या प्रवाशाची एक कडू आठवण जोडलेली आहे. तुघलकाने चीनच्या बादशहाकडे पाठवलेला नजराणा घेऊन तो कालिकतला पोहोचला. जहाजे भरली. तो स्वतः किनाऱ्यावर मागे राहिला असताना रात्री वादळ झाले. नजराण्याचे जहाज फुटले, माणसे बुडाली. त्याचे स्वतःचे सामान ज्या दुसऱ्या जहाजावर होते ते त्याला टाकून निघून गेले. सुलतानाचा वकील किनाऱ्यावर उभा, आणि जवळ उरले काय? दहा दिनार आणि झोपायची सतरंजी. माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, म्हणजे त्याची खरी गोष्ट सगळं गेल्याची आहे, आणि इथं तर सगळं घ्या म्हणतात." मी त्याला काही उत्तर दिले नाही. वर्गात असा मुलगा बोलला तर मास्तराने गप्प राहावे हे बरे.

आता व्यवहाराचे दोन शब्द. तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, भाचा त्या देशी असेल, आणि तुम्हाला जाण्याचा योग आला, तर हा मॉल जरूर पाहा. संकोच करू नका. पाहण्याला पैसे पडत नाहीत. मात्र हाताला घड्याळ असू द्या, कारण खिडक्या नसल्याने आत दिवस कळत नाही. काय घ्यायचे ते घरूनच कागदावर लिहून न्या. वस्तूंवर पाच टक्के कर आहे, तो २०१८ पासून. पाहुण्यांना ठराविक रकमेपुढच्या खरेदीवर तो काही अंशी परत मिळण्याची सोय आहे, म्हणून पावती मागून घ्या आणि दुकानातच चौकशी करा. जे पाहाल त्याच्याविषयी एकच प्रश्न मनाशी धरा: हे कोणत्या काळचे आहे, आणि कोणत्या काळचे म्हणून दाखवले आहे?

आणि शिक्षक बंधू-भगिनींनो, तुम्हाला दुबईला जायची गरज नाही. एका मोठ्या घमेल्यात पाणी घ्या, हलक्या वाटीला दाभणाने भोक पाडा आणि मुलांना ती किती वेळात बुडते ते मोजू द्या. पुढच्या सहलीत किल्ला पाहताना पायऱ्या कमी मोजा. तिथे कोण कोण येऊन गेले, त्यांनी काय खाल्ले, कशाला हसले, कशाला घाबरले, ते मुलांना सांगा. तुमच्या गावात किल्ला नसेल, तर जुना बाजारतळ असेल, बारव असेल, पडका दगडी पूल असेल. तिथूनही कुणीतरी प्रवासी गेलेला आहे.

निरोप घेताना तो मुलगा म्हणाला, "सर, मार्चमध्ये येतोय घरी. दौलताबादला एकदा परत जाऊ या का?"

मी हो म्हटले आहे. या वेळी डबे घेऊ, पण घाई करणार नाही.